नव्या घरात न्हाणी व धुण्याची जागा कोठे असावी?

नवे घर बांधावयास काढले म्हणजे देवघर, स्वयंपाकघर, ओसरी व धान्याची खोली यांचा विचार आधी होतो. न्हाणी व धुण्याचा दगड यांना उरलेली जागा मिळते. ही चूक ध्यानात येते तेव्हा जोते भरून भिंती उठलेल्या असतात. मग न्हाणीचे पाणी गल्लीत वाहते, डबक्यांत डास वाढतात, शेजाऱ्यांशी कुरबुरी होतात आणि कित्येकदा ते पाणी पिण्याच्या विहिरीकडे मुरू लागते. सबब, न्हाणी कोठे बांधावी हे ठरविण्यापूर्वी तिचे पाणी कोठे जाणार हे ठरवावे, हाच या बाबतीतला पहिला नियम होय.

पाणी किती निघते?

२०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये ग्रामीण भागातील दर माणशी रोज ५५ लिटर पाणी नळाने देण्याचे प्रमाण धरले आहे. पाच माणसांच्या कुटुंबास हे २७५ लिटर होते. पिण्याचे व स्वयंपाकाचे पाणी वगळता यातील बराच भाग आंघोळ, धुणे व भांडी यांतून सांडपाणी होऊन बाहेर पडतो. हंड्याने पाणी आणावे लागे तेव्हा ते जपून वापरले जाई आणि सांडलेले परसात जिरून जाई. नळ दारात आला की सांडपाणी वाढते. त्याची सोय घराबरोबरच केली पाहिजे.

जागेची पाहणी

जोत्याची आखणी करण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात.

१. ढाळ : गवंड्याजवळील पाण्याने भरलेल्या पारदर्शक नळीने जागेचा उंचसखलपणा मोजावा. सांडपाण्याच्या नळास फुटाला पाव इंच, म्हणजे ४८ फुटांस एक फूट, एवढा उतार द्यावा. जमिनीस तेवढा ढाळ नसेल तर न्हाणीची फरशी त्या मानाने उंच घ्यावी.

२. विहीर : शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून वा कूपनलिकेपासून निदान १८ मीटर, म्हणजे सुमारे ६० फूट दूर व उताराच्या बाजूस असावा. कोकणातील जांभ्या दगडातून पाणी लवकर झिरपते. तेथे याहून अधिक अंतर ठेवणे श्रेयस्कर.

३. जमीन : नियोजित जागी खड्डा खणून तो दोनदा पाण्याने भरावा. दुसऱ्यांदा भरलेले पाणी रात्रभर तसेच राहिले तर त्या जमिनीत शोषखड्डा चालणार नाही. भारी काळ्या जमिनीत असा अनुभव नेहमी येतो. तेथे पाणी परसबागेत खेळवावे किंवा ग्रामपंचायतीच्या बंद गटारास जोडावे.

एक उदाहरण

समजा, ५० फूट रुंद व ८० फूट लांब जागेवर पूर्वाभिमुख घर बांधावयाचे आहे. विहीर मागे वायव्य कोपऱ्यात असून जमिनीचा ढाळ आग्नेयेकडे आहे. रूढीप्रमाणे न्हाणी परसदारी बांधली तर ती विहिरीजवळ येते आणि चढाच्या बाजूस असल्याने पाणी घराच्या पायाकडे येते. समोर आग्नेय कोपऱ्यात बांधली तर पाणी सहज निघते. परंतु घरातील स्त्रियांना रस्त्यासमोर स्नान व धुणे करावे लागते. अडोसा नसला म्हणजे पहाटेच्या अंधारात आंघोळी उरकण्याची पाळी त्यांच्यावर येते. यास्तव, मागील बाजूच्या स्वयंपाकघरास लागून घराच्या दक्षिण अंगास न्हाणी काढावी आणि तिचे पाणी कुंपणाच्या कडेने बंद नळाने आग्नेय कोपऱ्यातील शोषखड्ड्यात सोडावे. विहीर व खड्डा यांत ६० फुटांहून पुष्कळ अधिक अंतर राहते, अडोसा मिळतो आणि चुलीवरचे वा बंबाचे गरम पाणी दूर वाहून न्यावे लागत नाही. धुण्याचा दगडही तेथेच असावा. दक्षिणेकडे ऊन येत असल्याने ओल वाळते व कपडेही लवकर सुकतात.

बांधणीतील दक्षता

न्हाणी धान्याच्या खोलीस लावून बांधू नये. भिंतीतून ओल आत आली की धान्यास कीड व बुरशी लागते. न्हाणीच्या भिंतींना आतून चार फुटांपर्यंत सिमेंटचा गिलावा वा फरशी असावी. धुण्याचा दगड कमरेच्या सुमारास उंच बांधल्यास वाकून धुण्याचे कष्ट वाचतात. त्यावर छप्पर असल्यास पावसाळ्यातही सोय होते.

साधारण एक मीटर लांब, रुंद व खोल खड्ड्यात तळाशी मोठे व वर लहान दगड भरले म्हणजे शोषखड्डा होतो. त्यापूर्वी गाळ व साबणाचा मळ अडविणारी लहान टाकी बांधून ती वरचेवर साफ करावी. नाहीतर खड्डा लवकर तुंबतो. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे करून उघडी गटारे व डास यांवर उपाय केला आहे.

न्हाणीचे पाणी शौचालयाच्या शोषखड्ड्यात मुळीच सोडू नये. तो अकाली भरतो. गोबर गॅसच्या टाकीतही ते जाऊ देऊ नये. साबणाने आतील जिवाणूंची हानी होते. केळी, अळू व कर्दळ यांना हे पाणी चालते. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांना ते देऊ नये. फवारणीचे कपडे वेगळे धुवावेत व ते पाणी विहीर, जनावरांचे पाणी व भाजीपाला यांपासून दूर ठेवावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी नव्या घराची आखणी होत असतानाच जागेवर जावे, ढाळ मोजावा आणि घरातील स्त्रियांचे मत अवश्य घ्यावे; कारण गरम पाणी वाहणे व धुणे करणे बहुधा त्यांच्याकडेच असते. चुन्याची रेघ पुसून दुसरीकडे मारण्यास काही खर्च येत नाही; बांधलेली न्हाणी हलविणे मात्र अनेकांना आयुष्यात साधत नाही.