सोंगणीच्या आधी विळा तपासू या



आश्विन लागला की आपल्या वस्त्यांत दोन कामांची घाई एकदम सुरू होते. एकीकडे धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर जाण्याची तयारी, दुसरीकडे सोयाबीनची सोंगणी. तिच्या पाठोपाठ कापसाची वेचणी येते. कोकणात भाताची कापणी असते. घरामागच्या चार हात जागेत लावलेला भोपळा, दोडका, वाल, पपई यांची काढणीही याच दिवसांत येते. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर आम्ही गोळ्या-औषधांऐवजी विळा, खुरपे आणि आकडी यांच्याबद्दल लिहीत आहोत.

यामागे एक कारण आहे. मागच्या हंगामात आमच्या वस्तीतल्या एका मावशींचा हात सोंगणीच्या तिसऱ्या दिवशी कापला. विळा जुना होता, धार गेली होती. धार नसलेला विळा ताटावरून सटकला आणि डाव्या हाताच्या करंगळीत घुसला. त्यांनी जखमेवर तंबाखू दाबली, पदराची चिंधी बांधली आणि काम पुढे चालू ठेवले, कारण काम एकरावर घेतलेले होते. चौथ्या दिवशी हात सुजला. उरलेला सगळा हंगाम त्या घरी बसल्या. बुडालेल्या मजुरीत कितीतरी नवे विळे आले असते.

त्यानंतर आम्ही वस्तीतल्या बायाबापड्यांना आपापले विळे घेऊन विहारात बसवले. बहुतेक विळ्यांची मूठ हलत होती, काहींना मूठच नव्हती, नुसती चिंधी गुंडाळलेली होती. मजुरी मालक देतो, पण विळा आपला आपण न्यायचा असतो. म्हणून विळा कसा असावा हे आपणच ठरवायचे आहे.

1. विळा

विळे दोन तऱ्हेचे असतात. साध्या पात्याचा आणि दातेरी. साध्या विळ्याला झटका मारावा लागतो, त्यामुळे खांदा आणि मनगट दुखते. शिवाय दिवसातून दोनदा तरी तो पाजवावा लागतो. दातेरी विळ्याचे दात ताट धरून ठेवतात. विळा आपल्याकडे ओढला की ताट कापले जाते, झटका लागत नाही. ताट सटकत नसल्यामुळे डावा हातही वाचतो. बाजारात 'वैभव' किंवा 'नवीन' अशा नावांनी हे सुधारित विळे मिळतात. ते हलके असतात आणि साधारण एका दिवसाच्या मजुरीपेक्षा कमी पैशांत येतात.

विकत घेताना चार गोष्टी बघा.

मूठ लाकडाची, गुळगुळीत आणि आपल्या मुठीत भरेल एवढी असावी. फार बारीक मूठ आवळून धरावी लागते आणि संध्याकाळी बोटे मिटत नाहीत. फार जाड मूठ हातातून सुटते.

विळा हातात घेऊन जमिनीलगत कापण्याची नक्कल करा. बोटांची पेरे जमिनीवर घासत असतील तर तो विळा घेऊ नका. चांगल्या विळ्याची मूठ पात्यापेक्षा थोडी वर उचललेली असते.

पाते मुठीत पक्के बसलेले हवे. मूठ एका हातात धरून दुसऱ्या हाताने पात्याची पाठ हलवून बघा.

डावखुऱ्या माणसाने जास्त काळजी घ्यावी. दातेरी विळ्याचे दात एकाच बाजूने काढलेले असतात आणि ते उजव्या हाताच्या हिशेबाने असतात. तो विळा डाव्या हाताने चालवला की नीट कापत नाही, जोर लावावा लागतो आणि अपघात होतो. लोहाराला सांगून दुसऱ्या बाजूने दात काढून घ्यावेत.

साधाच विळा वापरायचा असेल तर सहाणेचा दगड किंवा कानस सोबत ठेवा. जेवणाच्या सुट्टीत पाच मिनिटे धार लावली तर दुपारनंतर दंडावर येणारा ताण पुष्कळ कमी होतो. धारेचा विळा धोक्याचा आणि बोथट विळा सुरक्षित असे पुष्कळांना वाटते. खरे उलट आहे. बोथट विळ्याला जोर लावावा लागतो, आणि जोर लावलेला विळा कुठे जाईल हे आपल्या हाती राहत नाही.

विळा नेण्याचीही एक रीत आहे. सोंगणीला जाताना टेम्पोत किंवा ऑटोत दाटीवाटीने बसावे लागते आणि विळे पिशवीतून बाहेर आलेले असतात. पाणी द्यायच्या जुन्या रबरी पाइपाचा वीतभर तुकडा घ्या, तो लांबीने चिरा आणि पात्यावर चढवा. फुकटात म्यान तयार होते. घरी आल्यावर विळा मुलांचा हात पोहोचणार नाही असा उंच खोचून ठेवा.

2. हात आणि पाय

सोयाबीनच्या वाळलेल्या शेंगांची टोके काट्यासारखी टोचतात. दोन दिवसांत तळहाताची चाळण होते, मग भाकरी थापतानाही आग होते. ताट धरणाऱ्या हातात तरी मोजा घालावा. जाड सुती कापडाचे हातमोजे बाजारात मिळतात. जुन्या जीन पँटच्या कापडाचे घरीही शिवता येतात. तळव्याकडची बाजू दुहेरी शिवा आणि बोटांची टोके थोडी मोकळी ठेवा म्हणजे पकड सुटत नाही. भेंडी आणि काकडी तोडतानाही हेच मोजे कामाला येतात, खाज सुटत नाही.

सोंगणी झाल्यावर रानात उरलेली धसकटे भाल्यासारखी उभी असतात. रबरी चप्पल त्यांनी सहज फुटते. जाड तळाचा, पाय पूर्ण झाकणारा बूट घाला. भाताच्या ओल्या खाचरात घोट्याच्या वरपर्यंत येणारे गमबूट घाला, कारण त्या पाण्यात उंदरांच्या मुतातून लेप्टोचे जंतू असू शकतात आणि ते पायाच्या भेगांतून शरीरात शिरतात.

बूट सापासाठीही हवा. कापलेल्या पिकाच्या गंजीखाली उंदीर येतात आणि त्यांच्या मागे नाग, मण्यार, घोणस येतात. गंजी उचलायच्या आधी लांब काठीने हलवा, हात एकदम खाली घालू नका.

3. कंबर

कमरेतून वाकून दिवसभर काम केले की मणक्यावर ताण येतो. थोडा वेळ वाकून, थोडा वेळ उकिडवे बसून असा बदल करत राहा. एक तास संपला की उभे राहून हात कमरेवर ठेवा आणि सावकाश मागे वाका. दोन-तीन वेळा एवढे केले तरी पुरे. खुरपणीला किंवा भुईमुगाच्या शेंगा तोडायला बसताना गोणपाटाची घडी खाली घ्या.

भारा लहान बांधा. एका मोठ्या भाऱ्यापेक्षा दोन लहान भारे बरे. गरोदर बाईने आणि बाळंतपणानंतर लगेच कामावर आलेल्या बाईने भारा उचलू नये. ही गोष्ट घरातल्या पुरुषांनी आणि टोळीतल्या बायांनी मिळून पाळायची आहे.

4. कापसाची वेचणी

वेचणीत मुख्य अवजार म्हणजे ओटी. कमरेला बांधलेली ओटी भरत गेली की तिचे सगळे ओझे पुढे येते आणि कंबर मोडते. तिला दोन्ही खांद्यांवरून येणारे रुंद पट्टे शिवून घ्या म्हणजे वजन खांद्यांवर वाटले जाते. पट्टा दोरीसारखा बारीक नको, चार बोटे रुंद हवा. ओटी अर्धी भरली की रिकामी करा.

बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी नखांच्या कडा फाटतात. बोटांना सुती चिकटपट्टी गुंडाळा किंवा बोटांची टोके झाकणारे पातळ मोजे घाला. शेतात शेवटची फवारणी कधी झाली हे मुकादमाला किंवा मालकाला विचारा. विचारणे हा आपला हक्क आहे. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे विसरू नका. वेचणीनंतर साबणाने हात धुतल्याशिवाय भाकरीला, पाण्याला किंवा लेकराला हात लावू नका.

5. घरची परसबाग

घरच्या बागेला फार अवजारे लागत नाहीत. एक खुरपे, एक कात्री आणि एक आकडी एवढे पुरे.

वांगी, दोडका, भोपळा हाताने हिसकू नका. हिसक्याने वेल उपटतो आणि पुढचे फळ जाते. कात्रीने देठासकट कापा. लाल भोपळ्याला दोन बोटे देठ ठेवा, देठ मोडला तर तिथूनच भोपळा सडू लागतो. नख रुतत नसेल आणि देठ वाळला असेल तर भोपळा तयार झाला असे समजा. असा भोपळा कोरड्या जागी पुष्कळ दिवस टिकतो.

रताळी काढताना कुदळ वेलाच्या बुडाशी घालू नका. वीतभर लांबून माती सैल करा, मग हाताने काढा. कापलेले रताळे टिकत नाही.

शेवग्यावर आणि पपईवर चढू नका. शेवग्याची फांदी दिसायला जाड असली तरी ठिसूळ असते आणि सांगून मोडत नाही. शेंगांसाठी बांबूला आकडी बांधा. पपईसाठी झेला करा. पाच लिटरच्या तेलाच्या डब्याचे तोंड कापून रुंद करा, डबा बांबूच्या टोकाला घट्ट बांधा, फळ आत घेऊन हळूच फिरवा. फळ डब्यात पडते आणि चीक अंगावर सांडत नाही.

इथे एक महत्त्वाची गोष्ट. आपल्या वस्त्यांत विजेच्या तारा खाली लोंबलेल्या असतात. आकडीसाठी लोखंडी पाइप किंवा सळई कधीही वापरू नका. कोरडा बांबूच घ्या, आणि झाड तारेला लागत असेल तर बांबूसुद्धा लावू नका. ओल्या बांबूतून वीज येते. आधी वीज कंपनीला कळवा.

6. मळणी यंत्र

मळणी यंत्र आपले नसते, पण हात आपला असतो. पदर, ओढणी, मोकळे केस, सैल बाही, हातातला दोरा हे सगळे आवरूनच यंत्राजवळ जा. अडकलेला पाला हाताने आत ढकलू नका. यंत्र पूर्ण थांबल्यावरच काढा. तोंडाला ओला रुमाल बांधा.

लागलेच तर काय करावे

जखम वाहत्या स्वच्छ पाण्याखाली साबणाने धुवा. धुतलेल्या कापडाने दाबून धरा आणि हात उंच ठेवा. तंबाखू, चुना, माती, शेण, हळद यांतले काहीही भरू नका. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात, म्हणजे ते आपणच जखमेत भरतो. मागच्या पाच वर्षांत धनुर्वाताचे इंजेक्शन झाले नसेल तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन घ्या. बोट वाकत नसेल किंवा बधिर झाले असेल तर आतली नस तुटलेली असू शकते, मग नुसत्या पट्टीवर थांबू नका. बोट तुटून वेगळे झाले तर ते स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून पिशवीत बंद करा, ती पिशवी बर्फावर ठेवा आणि सोबत न्या. बोट थेट बर्फात टाकू नका.

साप चावला तर चिरा देऊ नका, दोरी आवळू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. तो हात किंवा पाय न हलवता 108 ला फोन करा आणि सरकारी दवाखाना गाठा. सापाच्या विषावरची लस तिथे मोफत मिळते.

वस्तीत काय करता येईल

प्रत्येक घराने सगळे विकत घ्यावे असे आम्ही म्हणत नाही. आमच्या महिला मंडळाने विहारात एक अवजार पेटी केली आहे. तिच्यात दोन कानशी, एक सहाण, सहा दातेरी विळे, दोन आकड्या आणि एक प्रथमोपचाराची डबी आहे. घेणाऱ्याचे नाव वहीत लिहितो, परत आलेले अवजार पुसून, तेलाचा बोळा फिरवून ठेवतो. हंगामाच्या आधीच्या रविवारी सगळ्यांचे विळे एकत्र करून लोहाराकडे नेतो. एकदम पंचवीस-तीस विळे नेले की लोहारही भाव कमी करतो. बचत गट हे काम सहज करू शकतो.

ज्या मावशींचा हात कापला होता, त्या यंदा त्या वहीचे काम बघतात. कुणी मूठ हलणारा विळा घेऊन निघाली की त्या तिला दारातूनच परत बोलावतात. प्रत्येक वस्तीत अशी एक मावशी असावी. या रविवारी आपापल्या घरातला विळा काढा, मूठ हलवून बघा, धार बोटाने नको, कागद कापून बघा. सोंगणी सोमवारी सुरू होईल, लोहार मात्र आजच गाठा.