दाजीपूरचा गवा व कॅनडा देशाचा बायसन

राधानगरीहून फोंडाघाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर दाजीपूर लागते. तेथील रानास पुष्कळ लोक 'बायसन अभयारण्य' म्हणतात. आमच्या वर्गातील एका मुलाने आम्हांस विचारिले, "बायसन म्हणजे जर आपला गवाच, तर भूगोलाच्या पुस्तकात तो कॅनडात बर्फावर उभा कसा?" जवळच बसलेल्या एका आजीबाईंनी पुसले, "कानडा म्हणजे निपाणीपलीकडचाच मुलूख न्हवं?" कोणी हसू नये, कानाला दोन्ही नावे सारखीच लागतात. ह्या दोन प्रश्नांची उत्तरे देता देता पुढील पाठ तयार झाला आहे.

आजीबाईंचे उत्तर आधी. कॅनडा हा पृथ्वीच्या उत्तर भागातील देश असून आकाराने रशियाच्या खालोखाल मोठा आहे. तो आपल्या हिंदुस्थानाच्या सुमारे तिप्पट भरेल. परंतु माणसे तेथे अवघी चार कोटींच्या आसपास, आणि तीही बहुतेक दक्षिण सरहद्दीलगत. उरलेला मुलूख म्हणजे सरोवरे, सूचिपर्णी झाडांची अरण्ये, आणि अगदी उत्तरेस झाडही न वाढणारी गोठलेली भूमी. आपल्या घाटाचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. तेथील काही खडक चारशे कोटी वर्षांचे आहेत.

असे असूनही तो देश ओळखण्यास आपला कोल्हापूर जिल्हा पुरतो, असे आमचे मत आहे. गगनबावड्यास वर्षाला ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो आणि शंभर किलोमीटरांच्या आत शिरोळास त्याचा दहावा हिस्साही मिळणे कठीण. कारण ढग समुद्राकडून येऊन सह्याद्रीस अडतात व चढताना रिते होतात. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरही हेच घडते. टोफिनो गावी ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस, आणि डोंगरांआडच्या ओकानागन खोऱ्यात इतकी टंचाई की सफरचंदाच्या बागांस पाट काढून पाणी द्यावे लागते. पाणलोटाचेही तसेच. दाजीपुराच्या कड्यावर पडलेला थेंब पश्चिमेस गेला तर थोड्याच वेळात कोकण उतरून अरबी समुद्रास मिळतो. पूर्वेस वळला तर भोगावती, पंचगंगा, कृष्णा असा लांबचा प्रवास करून बंगालच्या उपसागरास पोहोचतो.

आता मुलाचा प्रश्न. गवा हा बायसन नव्हे. इंग्रज शिकाऱ्यांनी त्यास ते नाव दिले आणि ते चिकटले. गवा हा आपल्या गाईबैलांच्या गोत्रातला; अंग काळेभोर व तुळतुळीत, गुडघ्यांखाली पांढरे मोजे घातल्यासारखे पाय. बायसनाच्या मानेवर व खांद्यांवर दाट केस असतात, आणि हिवाळ्यात तो आपले अवजड डोके हलवून बर्फ उकरतो व खालचे गवत खातो. गव्यास ही विद्या शिकण्याचे कारणच पडले नाही.

उत्तर अमेरिकेत बायसन एके काळी कोट्यवधी होते. बंदुका आल्या, रेल्वे आली, कातड्यांचा बाजार आला, आणि एकोणिसावे शतक संपता संपता रानात मोकळे हिंडणारे काही शेकडाच उरले. तेव्हा १९२२ साली कॅनडा सरकारने वुड बफेलो राष्ट्रीय उद्यान स्थापिले. त्याचे क्षेत्र आज सुमारे ४४,७०० चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ सहा कोल्हापूर जिल्हे. आपले दाजीपूरचे रान १९५८ साली गव्यांसाठी राखीव झाले, १९८५ साली वाढविण्यात आले, आणि ते ३५१ चौरस किलोमीटर आहे. जागतिक वारशाच्या यादीत मात्र दोन्हींची नावे आहेत. त्यांचे १९८३ साली चढले, आपले २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर.

संरक्षणाची किंमत कोणी द्यावी, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच अवघड आहे. तेथे पिढ्यान्‌पिढ्या शिकारीवर जगणाऱ्या क्री व डेने लोकांवर निर्बंध आले आणि कित्येकांस घरे सोडावी लागली. येथे रात्री गवे शिवारात उतरतात आणि सकाळी भाताचे वा उसाचे रान तुडविलेले दिसते. पंचनामा होतो, भरपाईही मिळते. परंतु ज्याचे पीक गेले त्यास गव्याचे कौतुक सांगण्याचे धैर्य आम्हांस होत नाही.

धरणांची गोष्ट तर उलटसुलट आहे. शाहू महाराजांनी आरंभिलेल्या आपल्या धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की पंचगंगेकाठच्या गावांचा जीव खाली-वर होतो. २०१९ व २०२१ चे महापूर कोण विसरेल? तेथे पीस नदीवर १९६८ साली धरण पुरे झाले, आणि त्यानंतर खालच्या विस्तीर्ण त्रिभुज प्रदेशास पूर मिळेनासा होऊन तळी व कुरणे सुकू लागली. तेथील लोक पुराची वाट पाहतात!

शेतकऱ्यांच्या उपयोगाची गोष्ट शेवटी राखून ठेविली आहे. १९२५ ते १९२८ ह्या काळात दुसरीकडचे साडेसहा हजारांहून अधिक बायसन त्या उद्यानात आणून सोडण्यात आले. शास्त्रज्ञांनी आधीच इशारा दिला होता, तो मानिला गेला नाही. पाहुण्यांबरोबर क्षयरोग व गाई गाभडण्याचा सांसर्गिक रोग आला. हे दोन्ही मुळात पाळीव गुरांचे. शंभर वर्षे होत आली, ते रोग अद्याप त्या कळपांतून गेलेले नाहीत. आपल्याकडेही १९६८ साली बंदीपूर-मुदुमलाईच्या रानात बुळकांडीने पुष्कळ गवे मेले. ती साथ २०११ साली जगातून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले, पण लाळ-खुरकूत आहेच. रानाच्या कडेला आपली गुरे व गवे एकाच पाणवठ्यावर येतात, आणि रोग दोन्ही वाटांनी चालतो. लाळ-खुरकुताची लस सर्व गुरांस, व गाभडण्याच्या रोगाची चार ते आठ महिन्यांच्या कालवडींस, सरकारी योजनेतून टोचली जाते. आमच्या वर्गातील त्या मुलाच्या घरी दोन कालवडी आहेत. त्यांपैकी एक सहा महिन्यांची असून तिची लस अद्याप राहिली आहे असे त्यानेच सांगितले, तेव्हा सोमवारी तिला दवाखान्यात नेण्याचे ठरले.