तायक्वांदोची तालीम

आपल्या कलघटगी भागातील पुष्कळ घरांत उर्दू, मराठी आणि कानडी या तिन्ही भाषा एका चुलीपाशी नांदतात, आणि त्यामुळे एकच शब्द घरात निरनिराळ्या वाटांनी येतो. ‘तालीम’ हा असाच एक शब्द. मूळ अरबीत आणि आपल्या उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. मराठीत तोच शब्द कुस्तीच्या आखाड्याला लागला. नाटकवाल्यांनी तो प्रयोगापूर्वीच्या सरावाला लावला. कानडीत जिला ‘गरडी मने’ म्हणतात तीच ही तालीम. वस्ताद, शागीर्द, पहिलवान, कुस्ती, जोर हे सारे शब्दही फारसीतून मराठीच्या मातीत उतरले आणि येथलेच झाले. अंग कमावणे हेही एक शिक्षणच होय, असे ज्यांनी मानले त्यांनीच आखाड्याला शिक्षणाचे नाव दिले असावे. कोरिया देशातून आलेल्या तायक्वांदो या विद्येविषयी सभासदांना चार गोष्टी सांगावयाच्या तर या शब्दापासून आरंभ करणे मला सोयीचे वाटते. कारण ती विद्या शिकणाऱ्या मुलाचे जीवन तालमीतल्या मुलाच्या जीवनाहून वाटते तितके निराळे नाही.

हुबळी-धारवाडात आता पांढरा पोशाख आणि कमरेला रंगीत पट्टा बांधून सायंकाळी वर्गाला निघालेली मुलेमुली दिसतात. पालक कौतुकाने पाहतात, पण त्यांच्या मनात शंकाही असतात. मूल भांडखोर तर होणार नाही ना? अभ्यास बुडणार नाही ना? फी भरून मिळालेल्या या पट्ट्यांना किंमत ती काय? यांपैकी शेवटची शंका मला सर्वांत महत्त्वाची वाटते. तिच्याकडे पुढे वळू.

‘ते’ किंवा ‘ताए’ म्हणजे पाय, पायाने केलेला प्रहार. ‘क्वॉन’ म्हणजे मूठ. ‘दो’ म्हणजे मार्ग. ही विद्या दोन हजार वर्षांची आहे असे जाहिरातींतून छापलेले असते. शिक्षकाने असल्या विधानाकडे जरा सावधपणे पाहावे. कोरियात जुन्या युद्धकला होत्या यात संशय नाही. राजा जोंगजो याच्या आज्ञेने १७९० साली तयार झालेल्या ‘मुये दोबो तोंगजी’ या सचित्र ग्रंथात शस्त्रांच्या आणि हातघाईच्या २४ प्रकारांचे वर्णन आहे. पायांच्या खेळाची ‘तेक्क्योन’ ही लोकपरंपराही होती, तिला २०११ साली युनेस्कोच्या वारसायादीत स्थान मिळाले. परंतु आज वर्गात शिकवतात तो तायक्वांदो विसाव्या शतकातला आहे. १९१० ते १९४५ कोरिया जपानच्या ताब्यात होता. त्या काळात जपानात शिकावयास गेलेले काही कोरियन तरुण कराटे शिकून आले आणि स्वातंत्र्याच्या सुमारास त्यांनी सोलमध्ये आपापल्या शाळा काढल्या. जनरल चोई होंग ही यांच्या पुढाकाराने १९५५ साली ‘तायक्वांदो’ हे नाव ठरले. पुढे १९७२ साली सोलमध्ये ‘कुक्कीवॉन’ हे मुख्य केंद्र उभे राहिले, १९७३ साली जागतिक संघटना निघाली, १९८८ व १९९२ च्या ऑलिंपिकांत हा खेळ प्रदर्शनापुरता दाखविला गेला आणि २००० साली सिडनी येथे त्याला पदके लागू झाली. नव्या विद्येला खोटे म्हातारपण देण्याची काही गरज नाही. पन्नास-साठ वर्षांत जी विद्या जगभर पसरली तिची ती कमाईच पुरेशी आहे.

आता विद्यार्थ्याचा रोजचा तास कसा असतो ते पाहू. वर्गाच्या जागेला ‘दोजांग’ म्हणतात, पोशाखाला ‘दोबोक’. चपला बाहेर, पाय अनवाणी. ‘चार्योत’ म्हणताच सर्व सावधान उभे राहतात, ‘क्योंग्ने’ म्हणताच कमरेत वाकून अभिवादन करतात. आपल्या काही घरांतून या वाकण्याविषयी विचारणा होते. माझ्या समजुतीप्रमाणे ही उपासना नव्हे; वर्गात शिक्षक आले म्हणजे मुले उभी राहतात, किंवा आखाड्यात उतरणारा पहिलवान मातीला हात लावून तो कपाळाला लावतो, तसा हा त्या जागेचा रिवाज आहे. तरीही ज्या घरास ते पटत नसेल त्यांनी पहिल्याच दिवशी गुरूशी मोकळेपणाने बोलावे. मुलाला अर्ध्या वर्षाने मधूनच उठवून आणू नये.

अभिवादनानंतर अंग गरम करणे, सांधे मोकळे करणे, पाय ताणणे. मग पवित्रे. दोन्ही पाय फाकवून, गुडघे वाकवून घोड्यावर बसल्यासारखे उभे राहावयाचे. ज्याने तालमीत बैठका काढल्या आहेत त्याला त्या मांड्यांच्या कळा निराळ्या समजावून सांगावयास नकोत. मग हातांचे अडाव, मुठींचे ठोसे आणि पुन्हा पुन्हा लाथा. मोजणी कोरियन भाषेत असते : हाना, दुल, सेत, नेत, दासोत. घरी पाढे म्हणताना जांभया देणारी मुले ही मोजणी मात्र आंघोळीच्या बंबापाशीही म्हणत असतात, हा अनुभव अनेक आयांना असेल.

एका लाथेचे उदाहरण घेतो, म्हणजे या शिक्षणाचे स्वरूप ध्यानात येईल. ‘दोल्यो चागी’ म्हणजे बाजूने गोल फिरवून मारलेली लाथ. पाहणाऱ्यास वाटते, पाय उचलला आणि मारला. प्रत्यक्षात आधी गुडघा छातीकडे उचलावा लागतो. मग ज्या पायावर उभे आहोत त्याचा पंजा जमिनीवर फिरवून टाच प्रतिस्पर्ध्याच्या दिशेला आणावी लागते. त्याबरोबर कंबर वळते, आणि सर्वांत शेवटी नडगी सुटते व लगेच परत येते. खालचा पंजा फिरला नाही तर कंबर अडते आणि सगळा पीळ गुडघ्यावर पडतो. गुडघे दुखू लागलेले मूल पुष्कळदा वरच्या पायाने नव्हे, खालच्या पायाने चुकत असते. हे गुरूने पाहावयाचे आणि शिष्याने शेकडो वेळा दुरुस्त करावयाचे. शुद्धलेखनात ऱ्हस्व-दीर्घ जसे हाताला लागेपर्यंत गिरवावे लागते, तसेच हे गिरवणे आहे. यात टाळ्या मिळत नाहीत, आणि म्हणून दोन-तीन महिन्यांनी पुष्कळ मुले गळतात.

यापुढची पायरी ‘पूमसे’. अनेक प्रतिस्पर्धी समोर आहेत अशी कल्पना करून ठरलेल्या क्रमाने केलेल्या हालचालींची ही एक माळ असते. आरंभीच्या आठ पूमसेंना ‘तेगुक’ म्हणतात आणि त्या आकाश, सरोवर, अग्नी, मेघगर्जना, वारा, पाणी, पर्वत व पृथ्वी या आठ तत्त्वांशी जोडलेल्या आहेत. पूमसे एकट्याने करावयाची असते. तीत कोणाला हरवावयाचे नसते. माझे मत असे की, भांडखोरपणाची ज्यांना भीती वाटते त्या पालकांनी वर्गात पूमसेला किती वेळ देतात तेवढे पाहावे. जेथे आठवडाभर केवळ झुंजीच लावतात तेथे त्यांची भीती अगदीच अनाठायी नाही.

झुंजीला ‘क्योरुगी’ म्हणतात. तिच्यात छातीवर कवच, डोक्याला शिरस्त्राण, दातांना रक्षक, हातापायांना गाद्या घालाव्याच लागतात. कवचावर मुठीचा ठोसा १ गुण, लाथ २ गुण, डोक्यावर लाथ ३ गुण, आणि गिरकी घेऊन मारलेल्या लाथेला आणखी २. कमरेखाली मारणे निषिद्ध, पडलेल्यास मारणे निषिद्ध, तोंडावर ठोसा निषिद्ध. डोक्यावरील लाथेला अधिक गुण असल्याने मुलांचा ओढा तिकडे असतो. म्हणून येथे एक गोष्ट स्पष्ट लिहितो. डोक्याला मार लागून मूल गोंधळले, त्याला घेरी आली, मळमळले किंवा मागचे आठवेना, तर त्या दिवशी त्याला पुन्हा उतरवू नये. डॉक्टरांना दाखवावे आणि त्यांनी सांगेपर्यंत झुंज बंद ठेवावी. ‘काही होत नाही, ऊठ’ म्हणणारा वस्ताद शूर नव्हे, निष्काळजी आहे. तसेच स्पर्धेच्या वजनगटात बसावे म्हणून वाढत्या वयाच्या मुलांना उपाशी ठेवण्याचा प्रकारही सर्वस्वी वाईट. रमजानमध्ये रोजे धरणाऱ्या मुलांनी सराव हलका ठेवावा आणि जोराची मेहनत इफ्तारनंतर थोड्या वेळाने करावी. समजूतदार गुरू त्याला हरकत घेत नाही. खुराकाचे म्हणाल तर बदाम-थंडाईवाचून अडत नाही. जोंधळ्याची भाकरी, डाळ, भाजी, दूध, जमल्यास अंडे, आणि रात्रीची पुरेशी झोप एवढ्यावर मूल चांगले तयार होते.

आता पट्ट्याविषयी. मराठीत पट्टा म्हटला की आपल्याला दांडपट्टा आठवतो. येथला पट्टा कापडाचा. पांढऱ्यापासून आरंभ होतो. मग पिवळा, हिरवा, निळा, तांबडा आणि शेवटी काळा. काळ्याच्या आधीच्या पायऱ्यांना ‘गुप’ म्हणतात व त्या दहापासून एकपर्यंत उतरत जातात. काळ्यानंतरच्या पायऱ्यांना ‘दान’ म्हणतात व त्या एकापासून चढत जातात. म्हणजे काळा पट्टा हा शेवट नव्हे, तेथून दुसरी मोजणी सुरू होते. कुक्कीवॉनच्या नियमाप्रमाणे १५ वर्षांखालील मुलाला दान मिळत नाही, ‘पूम’ मिळतो व त्याचा पट्टा अर्धा तांबडा, अर्धा काळा असतो. पहिल्या दानानंतर दुसऱ्यासाठी किमान एक वर्ष, दुसऱ्यानंतर तिसऱ्यासाठी दोन वर्षे, तिसऱ्यानंतर चौथ्यासाठी तीन वर्षे थांबावे लागते. ज्या संस्थेने ही वाट एवढी लांब आखली तिच्या नावावर कोणी झटपट काळा पट्टा देऊ करीत असेल, तर पालकांनी काय समजावयाचे ते समजावे. परीक्षा कोण घेणार, प्रमाणपत्र कोणत्या संस्थेचे, शिकविणाऱ्याचा स्वतःचा दान कितवा व त्याचा दाखला कोठे आहे, हे विचारण्यात संकोच नसावा. शाळेत मुलाला घालताना आपण मान्यता पाहतोच ना! जागतिक पातळीवर या विद्येच्या दोन मोठ्या शाखा आहेत, त्यांच्या पूमसे आणि नियम वेगळे आहेत. म्हणून अमुक वर्ग कोणत्या शाखेचा, हेही आधी कळले पाहिजे. आपल्या गावचे रंगीत लाकडी पाळणे जिल्ह्याबाहेरही प्रसिद्ध आहेत. लाकूड तयार नसताना वर कितीही रंग दिला तरी तो पाळणा कोणी विकत घेणार नाही.

‘परकी विद्या कशाला, आपली कुस्ती काय वाईट?’ असे म्हणणारे सज्जन आपल्यात आहेत. कुस्ती वाईट नाहीच. परंतु कै. खाशाबा जाधव यांचे उदाहरण आठवावे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मुलगा कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात आणि मग कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकला. शाळा-कॉलेज आणि आखाडा दोन्ही त्याने सांभाळले. लाल मातीत वाढलेला तो, १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकात मॅटवर आणि अनोळखी नियमांनी लढावे लागले, तेथे सहावा आला. चार वर्षे त्याने त्या परक्या नियमांचा अभ्यास केला आणि १९५२ साली हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या प्रवासासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले होते. परक्या मॅटवर उतरल्याने खाशाबांची कुस्ती परकी झाली नाही.

मुलींविषयी दोन शब्द अवश्य. दहावी आली की मुलीचा वर्ग प्रथम बंद होतो, भावाचा चालू राहतो, हे मी शाळेत पाहत आलो आहे. पोशाखाची अडचण पुढे केली जाते; पण दोबोक अंगभर असतो, आणि शिरस्त्राणाखाली डोक्याला रुमाल बांधण्यास जागतिक संघटनेची मुभा आहे. २०१६ साली रिओ येथे किमिया अलीझादे हिने अठराव्या वर्षी डोके झाकूनच ५७ किलो गटात कांस्यपदक जिंकले. इराणच्या स्त्रीला मिळालेले ते पहिले ऑलिंपिक पदक. त्याच वर्षी अहमद अबुघौश याने जॉर्डनला पहिले ऑलिंपिक पदक मिळवून दिले, तेही सुवर्ण. त्याआधी २००८ साली बीजिंग येथे अफगाणिस्तानला पहिले पदक मिळाले ते रोहुल्ला निकपाई या तरुणाकडून, त्याचे बालपण निर्वासितपणात गेले होते. ज्या देशांना मोठी क्रीडागृहे बांधणे परवडले नाही त्यांना या खेळाने हात दिला, कारण त्याला साहित्य थोडे लागते.

कलघटगीच्या मुलाने हुबळीस जावयाचे म्हणजे जाऊन-येऊन साठएक किलोमीटरचा बसप्रवास. आठवड्यातून तीन दिवस असा प्रवास केल्यावर अभ्यास आणि झोप यांपैकी एकाला कात्री लागणारच, आणि मग दोष खेळाला दिला जातो. त्यापेक्षा दाखला तपासून घेतलेला एक शिक्षक आठवड्यातून दोनदा येथेच आणणे विश्वस्तांना अशक्य नाही. स्पर्धेचे मैदानही आठ मीटर लांबी-रुंदीत बसते. शिकण्यासाठी सपाट, न घसरणारी जागा आणि वर छप्पर पुरे. कवचे व शिरस्त्राणे पाच-सहा जोड घेतले तर मुले आळीपाळीने वापरतील. मुलींच्या तासाला त्यांच्या आयांनी भिंतीकडेला बसावे, हवे तर त्यांनीही शिकावे. शाळेचे सभागृह शनिवारी दुपारनंतर आणि रविवारी सकाळी रिकामेच असते.