काइवी सामुद्रधुनीत उतरण्यापूर्वी

चि. माधवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे होनोलुलूहून पाठविलेले पत्र पोचले. ऑक्टोबरात मोलोकाई बेटाहून ओआहूपर्यंत होणाऱ्या उलांडी-नौकांच्या शर्यतीसाठी तुमची तालीम जोरात चालू असल्याचे वाचून समाधान झाले; परंतु खवळलेल्या पाण्यात सुकाण्याने सर्वांदेखत तुला खडसावले, याचे जे शल्य तू पत्रात अर्धवट झाकून ठेवले आहेस, त्याविषयीच आज लिहितो, कारण उमेदीच्या काळात त्या नौकांतून मीही वल्ही मारली असून सुकाण्याचा तो राग कोठून येतो हे मी जाणतो.

१९५२ साली अवघ्या तीन नौकांनिशी सुरू झालेल्या या शर्यतीचे अंतर सुमारे ६६ किलोमीटर, आणि त्यातील बहुतेक वाट काइवी सामुद्रधुनीची, जेथे ईशान्येचे व्यापारी वारे दोन बेटांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत कोंडून अधिकच जोर धरतात. मालवणच्या किनाऱ्यावर उलांडीच्या होड्या पाहतच तू वाढलास, तेव्हा उलांडी नौकेस तोलून धरते हे तुला सांगावयास नको. परंतु तेथील नौकेची उलांडी एकट्या डाव्या अंगास असल्यामुळे ती पाण्यावर टेकून आहे तोवरच तिचा भरवसा, आणि लाटेने ती उचलली असता सहांपैकी एक जण जरी भयाने उजवीकडे झुकला, तरी नौका पालथी व्हावयास क्षणाचाही अवकाश लागत नाही.

आता तुझ्या अपराधाकडे येतो. तू लाटेकडे पाहत होतास. लाटेकडे पाहणे हे सहाव्या जागेवरील सुकाण्याचे काम होय. तुझ्यासारख्या चौथ्या जागेवरील वल्हेकऱ्याने पुढच्याच्या खांद्यावर दृष्टी खिळवून, पहिल्या जागेवरील गडी जो ताल धरील, त्या तालात आपले पाते पाण्यात बुडवावे, एवढेच त्याच्याकडून अपेक्षित असते. ‘एवढेच’ म्हटले खरे, पण शेजारून डोंगराएवढे पाणी सरकत असता मान न वळवणे हे साऱ्या तालमीतील अत्यंत दुष्कर कर्म आहे, हे मी पूर्णपणे मान्य करतो. तरीही ते साधलेच पाहिजे, कारण ज्याने लाट पाहिली त्याचे वल्हे अर्धा क्षण हवेत थबकते, आणि हवेतील वल्हे कोणासही आधार देत नाही, उलट डाव्या बाजूस पाण्यात रुतलेले पाते हे तेवढ्या वेळेपुरती दुसरी उलांडीच असते. म्हणूनच पहिला, तिसरा व पाचवा एका बाजूस आणि दुसरा व चौथा दुसऱ्या बाजूस, असा बंदोबस्त केलेला असतो, जेणेकरून ‘हट्’ अशी आरोळी होऊन सर्वांनी बाजू बदलल्यावरही डावे अंग निराधार राहू नये.

तुझ्या दंडांत बळ पुष्कळ आहे, आणि भीती वाटली की ते बळ एकट्याने खर्चण्याचा मोह होतो. तो आवर. इतर चौघांहून आधी ओढलेले वल्हे नौकेस पुढे नेण्याऐवजी हिसका देते. सुकाण्याचा हुकूम चुकीचा वाटला तरी पाण्यावर हुज्जत घालू नकोस; तुम्हा पाचांच्या पाठी त्याच्याकडे असतात आणि मागून येणारे पाणी तो एकटाच ओळखतो. मतभेद किनाऱ्यावर, शांतपणे पण निःसंकोच, त्याच्या कानी घाल.

आणखी एक. नौका व उलांडी जोडणारी आडवी लाकडे खिळ्यांनी न ठोकता दोरीने आवळलेली असतात, म्हणूनच लाटेच्या पिळात सांधा थोडा हलतो पण मोडत नाही. ती बांधणी स्वतःच्या हाताने शिकून घे. त्या कामी हयगय करणाऱ्याने सामुद्रधुनीत उतरू नये.

किनाऱ्यालगत नौका मुद्दाम उलटवून पुन्हा सुलटी करण्याची तालीम कंटाळवाणी वाटली तरी चुकवू नकोस. पाण्यातून डोके वर येताच वल्हे व नौका दोन्ही न सोडता प्रथम आपला क्रमांक मोठ्याने पुकारावा, आणि सहाही क्रमांक ऐकू आल्यावाचून नौका सुलटी करावयास लागू नये. ही तालीम पार पडल्यावर मला सविस्तर लिही.

कळावे, हे आशीर्वाद.

तुझा काका