बॉयकॉट कोण होता?

प्रश्न : क्रिकेटपटू जेफ्री बॉयकॉट यांच्या आडनावाचा आणि ‘बॉयकॉट करणं’ याचा काही संबंध आहे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : शब्द आडनावावरूनच आला आहे, पण ते आडनाव या क्रिकेटपटूच्या जन्माआधी साठ वर्षं गाजलेल्या दुसऱ्याच माणसाचं. चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट हा आयर्लंडमधल्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी होता. पिकं बुडाली होती. कुळांनी खंडात २५ टक्के सूट मागितली, जमीनदार १० टक्क्यांच्या पुढे जाईना. सप्टेंबर १८८० मध्ये बॉयकॉटने कुळांना जमिनीवरून हुसकावण्याच्या नोटिसा काढल्या.

त्याच आठवड्यात एनिस गावच्या सभेत पार्नेल या आयरिश पुढाऱ्याने सांगितलं होतं की, हुसकावलेल्या कुळाची जमीन जो घेईल त्याला मारू नका. रस्त्यात, दुकानात, बाजारात, अगदी चर्चमध्येही त्याच्याशी संबंध ठेवू नका. मेयोच्या लोकांनी हा उपाय कारभाऱ्यावरच चालवला. गडीमाणसं काम सोडून गेली. धोबीण कपडे धुईना, लोहार घोड्याला नाल ठोकेना, दुकानदार माल देईना. उभं पीक काढायला बाहेरून पन्नासएक मजूर आणावे लागले आणि त्यांच्या रक्षणाला हजारभर शिपाई. पाचएकशे पौंडांच्या पिकापायी सुमारे दहा हजार पौंड खर्च झाले असा तेव्हाचा अंदाज आहे. १ डिसेंबरला बॉयकॉटने आयर्लंड सोडलं.

शब्द घडवण्याचं श्रेय गावचे पाद्री जॉन ओमॅली यांना दिलं जातं. जेम्स रेडपाथ या अमेरिकन पत्रकाराने लिहून ठेवलं आहे की, या प्रकारासाठी प्रचारात असलेला जड ग्रीक वळणाचा शब्द शेतकऱ्यांना कळणार नाही, म्हणून पाद्रीबाबांनी कारभाऱ्याचं नावच क्रियापद म्हणून वापरलं. नोव्हेंबरात ते लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये छापून आलं. पुढे फ्रेंच, जर्मन, जपानी भाषांनीही ते उचललं.

वापरताना एक भान ठेवावं. संपात माणूस आपलं काम थांबवतो. बॉयकॉटमध्ये समोरच्याशी व्यवहार तोडतो. वंगभंगानंतर टिळकांच्या चतुःसूत्रीत आलेला ‘बहिष्कार’ या अर्थाच्या अगदी जवळचा आहे. ‘वाळीत टाकणं’ मात्र मला त्याच पंगतीत बसवावंसं वाटत नाही. मेयोत कुळांनी एकजूट केली ती सत्तेच्या माणसाविरुद्ध. आपल्याकडे जातपंचायत वाळीत टाकते ते एकट्या पडलेल्या घराला : जातीबाहेर लग्न केलं म्हणून, पंचांचा दंड भरला नाही म्हणून. नातेवाइकांना त्या घरी जायची बंदी, लग्नकार्यात मज्जाव, मयताला खांदा द्यायला कुणी नाही. महाराष्ट्राने याविरुद्ध २०१६ साली स्वतंत्र कायदा केला, तो २०१७ मध्ये लागू झाला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. कायद्याच्या नावात ‘सामाजिक बहिष्कार’ असे शब्द असले तरी परदेशी कापडाच्या बहिष्काराशी त्याची गल्लत करू नये.