आधी हात मोजा, मग बाण घ्या

मुलाला कंपाउंड धनुष्य घ्यायचं ठरलं की घरात सगळी बोलणी धनुष्याच्या किमतीची होतात. बाण म्हणजे सोबत येणारी किरकोळ वस्तू, असा समज. पण धनुष्य नीट सांभाळलं तर काही वर्षं चालतं. बाण मात्र तडकतात, झुडपात हरवतात आणि मूल वाढलं की निकामी ठरतात. खर्च पुन्हापुन्हा होतो तो त्यांच्यावर.

मुलांच्या या हट्टामागचं कारण साधं आहे. २०२३ मध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे तिरंदाजीच्या कंपाउंड प्रकारात विश्वविजेते झाले. ओजसनं अंतिम लढतीत १५ बाणांत १५० पैकी १५० गुण घेतले. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धाही असेल. नांदेड-लातूरच्या मुलांनाही आता हेच धनुष्य हवं आहे.

पात्याचे बाण नकोत

परदेशी व्हिडिओंत दिसणारे धारदार पात्यांचे बाण शिकारीसाठी असतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे. काळवीट मारल्यास ३ ते ७ वर्षांची कैद होऊ शकते. रोही किंवा रानडुकरांनी पीक तुडवलं तर वन विभागाकडे अर्ज करून पंचनामा आणि भरपाई मागायची. धनुष्य उचलायचं नाही. शिवाय पात्याचा बाण सरावाच्या फोमची चाळण करतो. सरावाला साध्या गोल टोकाचाच बाण घ्या.

माप घरीच घ्या

मुलाला भिंतीला पाठ लावून दोन्ही हात पसरून उभं करा. एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर मोजा आणि त्याला अडीचनं भागा. १६५ सेंटीमीटर भरलं तर उत्तर येतं ६६ सेंटीमीटर, म्हणजे २६ इंच. ही साधारण ‘ड्रॉ लेंथ’, म्हणजे दोरी ओढण्याची लांबी. नेमकी प्रशिक्षक धनुष्यावर ठरवतात. बाण त्याहून निदान इंचभर लांब हवा. वाढत्या मुलासाठी दोन इंच जास्त ठेवलेले बरे. आखूड बाण ओढताना मागं सरकून हातात घुसू शकतो, आणि कापलेला बाण पुन्हा लांब होत नाही.

‘स्पाइन’चा आकडा

बाणावर ५००, ६०० असे आकडे छापलेले असतात. २८ इंचांवर दोन्हीकडे टेकवलेल्या दांड्याच्या मध्यावर सुमारे ८८० ग्रॅम वजन टांगलं की तो इंचाच्या किती हजारांश वाकतो, हे त्यावरून कळतं. ५०० म्हणजे अर्धा इंच. आकडा लहान तेवढा बाण ताठ. धनुष्याचा जोर (तो पाउंडात मोजतात) वाढला, बाण लांब असला किंवा टोक जड असलं, की जास्त ताठ बाण लागतो. अंदाजानं घेऊ नका. कंपनीच्या तक्त्यात पाउंड, लांबी आणि टोकाचं वजन घालून जुळवा.

फार हलका बाणही धोक्याचा. ढोबळ नियम असा: धनुष्याच्या दर पाउंडामागं बाणाचं वजन निदान ५ ग्रेन हवं. ४५ पाउंडाला २२५ ग्रेन, म्हणजे साधारण साडेचौदा ग्रॅम. दुकानदाराकडे ग्रेनचा काटा नसेल तर ओळखीच्या सराफाकडे जा. तिथं ग्रॅमचा हिशेब अचूक होतो.

खर्च किती धरायचा?

बहुतेक माल आयातीचा असल्यानं भाव हलते असतात, म्हणून हे आकडे अंदाजाचेच समजा. सरावाचा साधा कार्बन बाण ३०० ते ७०० रुपये, मधल्या दर्जाचा १,००० ते २,००० आणि वरच्या दर्जाचा ३,५०० च्या पुढं. ५०० चा धरला तर डझन ६,००० रुपयांना पडतो. ३,५०० चा धरला तर ४२,०००.

डझनच का? ५० मीटरच्या पात्रता फेरीत ७२ बाण मारायचे असतात, एका खेपेला सहा. सहा हातात आणि सहा राखीव, तेही एकाच मापाचे आणि वजनाचे, असा तो हिशेब.

भाव विचारताना कोटेशन लेखी घ्या. किंमत नुसत्या दांड्याची की टोक, नॉक (दोरीत अडकणारी मागची खाच) आणि पिसांसह? कापण्याची मजुरी, जीएसटी, कुरिअर धरलंय का? पुण्या-मुंबईहून मागवताना हे सगळं मिळून रक्कम बरीच फुगते. सुटी नॉक आणि पिसं जास्तीची मागवा. बाण शाबूत राहून तीच आधी जातात.

माझा सल्ला सरळ आहे. पहिले काही महिने क्लबच्या धनुष्य-बाणांवर शिकू द्या. वाढत्या वयात दरवर्षी पाउंड आणि लांबी बदलते, तेव्हा साधेच बाण घ्या. उंची आणि जोर स्थिरावला की महागाचा विचार करा. शालेय स्पर्धेची माहिती जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात मिळते.

रोजची तपासणी

बाण कानाजवळ धरा, दोन्ही हातांनी हलकेच वाकवा, थोडा पिळा. कड्‌ असा बारीक आवाज आला किंवा नखाला चीर लागली तर तो बाण तिथंच मोडून टाका. तडकलेला कार्बन सुटताना फुटून हातात शिरतो. बाण न लावता दोरी कधीच सोडू नका. मे महिन्यातल्या बंद गाडीत सामान ठेवू नका. उन्हानं डिंक सुटतो, दोरीही बिघडते. एसटीनं प्रवास असेल तर दोन्हीकडे टोपण बसवलेला पीव्हीसी पाइप हा स्वस्त आणि पक्का भाता.

स्पर्धेच्या नियमानुसार प्रत्येक बाणावर खेळाडूचं नाव किंवा आद्याक्षरं लागतात. तीन आकडे वहीत आधी लिहून ठेवा: ड्रॉ लेंथ, पाउंड, स्पाइन. ते बाणाशी जुळले, मगच त्यावर मुलाचं नाव घाला.