खेळाडू नाही, पण खेळातच : बळ आणि दम घडवणाऱ्या प्रशिक्षकाचं करिअर



दहावीच्या पालकसभेनंतर कोळीवाड्यातल्या एक ताई थांबल्या. त्यांचा मुलगा कबड्डीच्या संघात निवडला जात नाही, पण संघाच्या सरावाला रोज हजर असतो. कोण किती धावलं, कोणाचा पाय दुखतोय, सगळं त्याला तोंडपाठ. ताईंनी विचारलं, "सर, ह्यात पोट भरतं का कोणाचं?"

मैदानात रमणाऱ्या मुलांना आपण दोनच वाटा सांगतो : पोलीस भरती, नाहीतर पीटीचे सर. त्या दिवशी मीही तेच सांगणार होतो. पण घरी येऊन थोडं वाचलं आणि एक तिसरी वाट दिसली. इंग्रजीत तिला स्ट्रेंथ अँड कंडिशनिंग कोच म्हणतात. आपण 'बळ आणि दम घडवणारा प्रशिक्षक' म्हणू. कबड्डीच्या मुलखात 'दम' वेगळा समजवायला नको!

अमेरिकेतल्या कॉलेजांच्या बास्केटबॉल संघात हा माणूस असतोच. चेंडू कसा टाकायचा ते मुख्य प्रशिक्षक शिकवतो. दुखापत झाली की फिजिओ बघतो. दुखापत होऊच नये आणि शेवटच्या मिनिटालाही उडी तेवढीच उंच जावी, हे काम याचं.

ह्या पेशाची सुरुवात मात्र फुटबॉलमध्ये झाली. 1969 साली नेब्रास्का विद्यापीठाने बॉइड एप्ली नावाच्या तरुणाला या कामासाठी पगारावर ठेवलं. हा स्वतः बांबूउडी मारणारा. पाठ दुखावल्यामुळे वजनांच्या खोलीत व्यायाम करायचा. दुखापतीतून सावरणारे फुटबॉलपटू त्याचं बघून तसंच करू लागले आणि चांगले तयार होऊन परत गेले. तेव्हा वजन उचललं की खेळाडू मंदावतो असा पक्का समज होता. त्यामुळे मुख्य प्रशिक्षकांनी बजावलं, की कोणी मंदावलं तर तुझी नोकरी गेली. नोकरी गेली नाही. उलट 1978 मध्ये एप्लीने अशा प्रशिक्षकांची संघटना उभी केली. तिची प्रमाणपत्र परीक्षा द्यायला आज पदवी लागते. म्हणजे नुसते दंड फुगवून चालत नाही, हे पालकांनी आधी लक्षात घ्यावं.

बास्केटबॉलचं मैदान असतं 28 मीटर लांब आणि 15 मीटर रुंद. एवढ्या जागेत खेळाडू सारखा धावतो, थांबतो, वळतो, उडी मारतो. आपण उडी बघतो. हा प्रशिक्षक खाली येणं बघतो. जमिनीवर उतरताना शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार पायांवर येतो. त्या क्षणी गुडघे आत वळले तर आतला बंध तुटू शकतो. मुलींमध्ये ही दुखापत मुलांपेक्षा दुपटीहून जास्त आढळते.

इथे एक कबुली देतो. बऱ्याच वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका शाळेत असताना, नववीतली एक उंच मुलगी स्पर्धेच्या आदल्या दिवशी म्हणाली, "सर, गुडघा दुखतोय." मी म्हणालो, "उद्याचा दिवस काढ, मग आराम." दुसऱ्या दिवशी उडी मारून ती खाली आली ती उठलीच नाही. पुढे ऑपरेशन झालं. ती पुन्हा खेळली नाही. मला गुडघ्यातलं काही कळत नव्हतं हे खरं, पण 'आज नको' म्हणायला काही कळावं लागत नाही. ह्या पेशातला माणूस तेवढ्याचसाठी मोलाचा. मुख्य प्रशिक्षकाला सामना जिंकायचा असतो, अशा वेळी 'आज हिला बसवा' असं सांगणारं कोणीतरी लागतं.

आपल्याकडे काय परिस्थिती आहे? मांडव्याहून लाँचने गेटवेला उतरलं की पुढे नागपाडा लागतो. तो मुंबईतल्या बास्केटबॉलचा जुना अड्डा. पण संघाला स्वतंत्र दमप्रशिक्षक हे चित्र तिथेही नवंच. क्रिकेटमध्ये ते आधी आलं. चेन्नईचे शंकर बासू 2015 ते 2019 भारतीय संघाबरोबर ह्याच कामावर होते. 2014 पासून प्रो कबड्डी सुरू झाली, तिथल्या संघांनाही अशी माणसं लागतात. कॉलेजात मात्र मान्य पद असतं शारीरिक शिक्षण संचालकाचं. त्यासाठी एम.पी.एड. आणि नेट किंवा सेट लागते.

शिक्षणाची वाट अशी : बारावी, शक्यतो विज्ञान, म्हणजे शरीरशास्त्र जड जात नाही. मग शारीरिक शिक्षणाची पदवी. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासूनचं, मुंबईत वडाळ्याला बी.पी.एड. होतं, ग्वाल्हेरची लक्ष्मीबाई संस्था 1957 ची, आणि खेळाच्या प्रशिक्षणाच्या पदविकेसाठी पतियाळा. त्यानंतर काही वर्षं कोणाच्या तरी हाताखाली. पहाटे साडेचारला उठायचं, वजनं लावायची, फोटोत मात्र यायचं नाही.

आपल्या किनाऱ्यावरची मुलं वाळूत धावतात, त्याचं आपल्याला कौतुक. पण मऊ वाळूत धावायला कडक जमिनीपेक्षा साधारण दीडपट शक्ती खर्च होते. म्हणजे वाळूतले दोन किलोमीटर हे रस्त्यावरचे जवळजवळ तीन. हा हिशेब न करता वर शिक्षा म्हणून आणखी चार फेऱ्या देणारे आपणच. ओहोटीची ओली, घट्ट वाळू वेगळी आणि वरची भुसभुशीत वेगळी, हे कोळ्याच्या पोराला सांगावं लागत नाही, आपल्याला लागतं.

ताईंना मी खरं तेच सांगितलं. पोट भरतं, पण उशिरा. सुरुवातीला करारावरची कामं मिळतात, पगार बेताचा असतो, आणि मुख्य प्रशिक्षक बदलला की कधी कधी आपणही बदलतो. त्या म्हणाल्या, "बोटीवर तरी वेगळं काय असतं?"

मुलाला मी एक वही, खडू आणि मोजपट्टी दिली. भिंतीजवळ उभं राहून हात वर करून एक खूण, मग उडी मारून दुसरी. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे उडी. दर सोमवारी सगळ्या संघाची मोजायची, शेजारी लिहायचं : काल झोप किती, काही दुखतंय का. तिसऱ्याच सोमवारी तो वही घेऊन आला. संघातल्या सगळ्यात चांगल्या चढाईपटूची उडी सहा सेंटीमीटरने उतरली होती.

"सर, ह्याला आज बसवूया?"

बसवलं.